गरोदरपणातले विषाणुसंसर्ग आणि जुनी औषधं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरोदर बाईला ताप आला, अंगावर पुरळ उठलं किंवा रक्ताच्या रिपोर्टात काही निघालं, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘औषध घेतलेलं चालेल का?’ त्यात डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मोबाइलवर शोधली आणि ती भलत्याच आजारावरची निघाली, की काळजीत आणखी भर पडते. खालचे प्रश्न अशाच काळजीतून येणारे आहेत. ही माहिती आहे, प्रिस्क्रिप्शन नाही. इथले डोस वाचून कुणी गोळी सुरू करू नये, आणि चालू असलेली बंद तर मुळीच करू नये.

एका आजाराचं औषध दुसऱ्या आजाराला देतात, म्हणजे नेमकं काय करतात?

औषध एका कामासाठी तयार होतं, बाजारात येतं, वर्षानुवर्षं वापरलं जातं. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की ते दुसऱ्याही आजारावर चालेल. ही शंका चाचण्यांनी तपासून औषधाला नवं काम देणं, एवढाच याचा अर्थ. कधीकधी मूळच्या कामात औषध सपशेल नापास झालेलं असतं आणि दुसरीकडे नाव काढतं.

भारतात हे कुणाच्याही मर्जीवर चालत नाही. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार, आधीच मान्यता असलेलं औषध नव्या आजारासाठी विकायचं असेल तर कायद्याच्या नजरेत ते ‘नवीन औषध’च ठरतं. डॉक्टर मात्र स्वतःच्या जबाबदारीवर, रुग्णाला सांगून, मान्यतेपलीकडच्या आजारासाठी औषध लिहून देऊ शकतात. गरोदरपणातली पुष्कळशी औषधं अशीच दिली जातात. कारण बहुतेक गोळ्यांच्या माहितीपत्रकात गरोदर बायकांबद्दल ‘पुरेशी माहिती नाही’ एवढंच छापलेलं असतं.

गरोदर बायकांसाठी नवीनच औषध का शोधत नाहीत?

खरं सांगायचं तर कुणी ती जोखीम घेत नाही. नवं औषध बाजारात यायला दहा-बारा वर्षं सहज जातात, आणि त्या सगळ्या काळात गरोदर बायकांना चाचण्यांतून बाहेर ठेवलं जातं. चाचणीत असताना कुणाला दिवस गेले तर बहुतेक वेळा तिचं औषध थांबवून तिला वगळतात. त्यामुळे औषध बाजारात येतं तेव्हा गर्भावर त्याचा काय परिणाम होतो याबद्दल आपल्याकडे उंदीर, ससे आणि अंदाज एवढंच असतं.

जुन्या औषधाचा फायदा इथे आहे. वीस-तीस वर्षं वापरात असलेली गोळी हजारो बायकांनी गरोदरपणात कळत-नकळत घेतलेली असते. त्यांच्या नोंदी कुणी नीट ठेवल्या असतील तर त्या सोन्याच्या मोलाच्या. ॲसायक्लोविरच्या बाबतीत तसं झालं. हे नागिणीवरचं आणि हर्पिसवरचं, म्हणजे ओठांवर किंवा जननेंद्रियांवर फोड आणणाऱ्या विषाणूवरचं, औषध. त्याच्या गरोदरपणातल्या वापराची नोंदवही १९८४ मध्ये सुरू झाली आणि १९९९ मध्ये बंद होईपर्यंत तिच्यात बाराशेहून अधिक गरोदरपणांची नोंद झाली. पुढे २०१० मध्ये डेन्मार्कच्या अभ्यासकांनी राष्ट्रीय नोंदी तपासल्या. पहिल्या तीन महिन्यांत ॲसायक्लोविर किंवा त्याच्या जवळची औषधं घेतलेल्या १,८०४ गरोदरपणांत जन्मजात व्यंगाचं प्रमाण २.२ टक्के होतं, न घेतलेल्यांत २.४ टक्के. म्हणजे फरक नाही. नव्या औषधाबद्दल अशी माहिती पहिल्या दिवशी कुठून आणणार?

जुनं औषध म्हणजे सुरक्षित औषध, असं समजायचं का?

नाही. थॅलिडोमाइड आठवा. १९५७ मध्ये ते जर्मनीत झोपेचं औषध म्हणून बाजारात आलं, ‘अगदी निर्धोक’ अशी त्याची जाहिरात होती. मग गरोदर बायकांच्या उलट्या-मळमळीवर ते दिलं जाऊ लागलं, आणि १९६१ मध्ये मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांच्या वर मुलं हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली. ही गोष्ट सहसा ‘वाईट औषधाची गोष्ट’ म्हणून सांगितली जाते. मला ती वेगळी वाटते. एका कामाला चालतं म्हणून, गरोदरपणात न तपासता, औषध दुसऱ्या कामाला लावल्याची ती गोष्ट आहे. तेच थॅलिडोमाइड आज कुष्ठरोगातल्या एका तीव्र प्रतिक्रियेवर आणि मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर कडक बंधनांखाली वापरलं जातं.

औषध सुरक्षित आहे का, हा प्रश्न तसा अर्धाच आहे. कितव्या आठवड्यात, किती मात्रेत, किती दिवस आणि कोणत्या आजारासाठी, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नसतं.

याचं सगळ्यात यशस्वी उदाहरण कोणतं?

एचआयव्ही, नि:संशय. झिडोव्हुडिन हे औषध १९६४ मध्ये अमेरिकेत जेरोम हॉरविट्झ यांनी कर्करोगासाठी बनवलं होतं. त्या कामात ते निरुपयोगी ठरलं आणि वीस वर्षं पडून राहिलं. एड्सची साथ आली तेव्हा ते पुन्हा बाहेर काढलं गेलं आणि १९८७ मध्ये एचआयव्हीवरचं पहिलं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली.

पण गरोदरपणातला निकाल यायला १९९४ उजाडलं. अमेरिका आणि फ्रान्समधल्या चाचणीत आईला गरोदरपणात गोळ्या, कळा सुरू झाल्यावर शिरेतून औषध आणि बाळाला सहा आठवडे सिरप असा क्रम ठेवला होता. औषध नसलेल्या गटात २५.५ टक्के बाळांना लागण झाली, औषध घेतलेल्या गटात ८.३ टक्के. आईकडून बाळाकडे जाणारा एचआयव्ही थांबवता येतो, हे तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झालं.

आज आपल्याकडे गरोदर बाईची पहिल्याच भेटीत एचआयव्ही तपासणी होते. पॉझिटिव्ह आली तर टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर एकत्र असलेली गोळी सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातून, मोफत मिळते. ती बाळंतपणापुरती नसते, आयुष्यभर घ्यायची असते. काहीच उपचार नसतील तर स्तनपानासह लागणीचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. गोळ्या वेळेत सुरू झाल्या, रोज घेतल्या आणि रक्तातला विषाणू दबलेला राहिला तर तो एखाद-दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. आजही लागण होते ती बहुधा उशिरा नाव नोंदवलेल्या किंवा मधेच गोळ्या सुटलेल्या बायकांच्या बाळांना. माहेरी बाळंतपणाला जाताना एआरटी केंद्राची बदली करून न घेणं हे त्याचं अगदी साधं, नेहमीचं कारण.

डोल्युटेग्रॅव्हिरमुळे बाळाच्या मणक्यात दोष होतो असं वाचलं. खरं आहे?

२०१८ मध्ये तशी भीती निर्माण झाली होती. बोट्सवानात गर्भधारणेच्या वेळी हे औषध घेत असलेल्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांत मेंदू-मज्जारज्जूचा दोष आढळला. इतर औषधं घेणाऱ्यांत हे प्रमाण हजारी एकाच्या आसपास होतं. जगभर सावधगिरीचे इशारे निघाले, अनेक देशांत तरुण बायकांना हे औषध नाकारलं गेलं.

बोट्सवानातली नोंदणी मात्र चालूच राहिली. बायकांची संख्या वाढत गेली तसं प्रमाण खाली येत गेलं, आणि शेवटी इतर औषधांच्या तुलनेत फरक उरला नाही. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं गरोदर बायकांसकट सगळ्यांसाठी हेच पहिल्या पसंतीचं औषध ठरवलं. घाबरवणारा पहिला आकडा खोटा नव्हता, लहान होता. असा आकडा व्हॉट्सॲपवर आला की तो किती बायकांवरून काढलाय हे आधी बघा.

मला हेपॅटायटिस बी आहे. एचआयव्हीची गोळी मला का लिहून दिली?

टेनोफोविर दोन्हींवर चालतं. २००१ मध्ये ते एचआयव्हीसाठी आलं, २००८ मध्ये हेपॅटायटिस बीसाठीही मान्य झालं. ही गोळी मिळाली म्हणजे तुम्हाला एचआयव्ही आहे असा अर्थ होत नाही. सासरच्यांनी गोळीचं नाव शोधून गैरसमज करून घेण्याआधी डॉक्टरांकडून हे त्यांच्यासमोर स्पष्ट करून घ्या.

जन्माच्या वेळी हेपॅटायटिस बी झालेल्या बाळांपैकी ९० टक्क्यांत तो आयुष्यभर चिकटून राहतो. जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस आणि शक्य असेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, दिलं तर बहुतेक बाळं वाचतात, पण आईच्या रक्तात विषाणू फार असेल तर लसही कमी पडते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या चाचणीत अशा २०० आया होत्या. निम्म्यांना ३०–३२ व्या आठवड्यापासून टेनोफोविर दिलं. बाळांना दोन्ही गटांत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळालं होतं. लागण ५ टक्के विरुद्ध १८ टक्के निघाली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१८ मध्ये थायलंडमधल्या अशाच चाचणीत फरक सिद्ध झाला नाही, कारण गोळी नसलेल्या गटातही लागण फक्त २ टक्के होती. तिथे बाळांना जन्मल्यावर तास-दोन तासांतच इंजेक्शनं मिळाली होती. म्हणजे औषधाचं महत्त्व आहेच, पण पहिली लस घड्याळ लावून देणाऱ्या सिस्टरचं महत्त्व त्याहून कमी नाही. रक्तातला विषाणू प्रति मिलिलिटर २ लाख युनिटच्या वर असेल तर साधारण २८ व्या आठवड्यापासून निदान बाळंतपणापर्यंत टेनोफोविर द्यावं, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये दिला. राष्ट्रीय विषाणुजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे.

टॉर्च रिपोर्टमध्ये सीएमव्ही पॉझिटिव्ह आलंय. बाळाला धोका आहे का?

टॉर्च म्हणजे गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची एकत्र रक्ततपासणी, आणि सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलो विषाणू. पण कुठला पॉझिटिव्ह? आयजीजी आणि आयजीएम ही रक्तातली दोन प्रकारची प्रतिपिंडं. आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर तुमच्यासारख्या बायका आपल्या देशात दहात नऊ असतात. सायटोमेगॅलो विषाणू लहानपणीच होऊन गेला, एवढंच तो रिपोर्ट सांगतो. एखादा गर्भपात झाला की सरसकट टॉर्च तपासणी करायची आणि आयजीजी पॉझिटिव्ह आलं की गोळ्यांचा कोर्स द्यायचा, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. त्यातून बायकांच्या पदरात खर्च आणि अपराधीपणा याशिवाय काही पडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

काळजीची गोष्ट वेगळी असते. गरोदरपणाच्या सुरुवातीला पहिल्यांदाच लागण झाली, तर विषाणू वार ओलांडून गर्भापर्यंत जाऊ शकतो आणि बाळाच्या श्रवणशक्तीवर, मेंदूवर परिणाम करू शकतो. ही नवी लागण आहे का, हे आयजीएमच्या एका पॉझिटिव्हवरून ठरत नाही. आयजीजीची ‘अव्हिडिटी’, म्हणजे विषाणूला घट्ट धरण्याची ताकद, तपासावी लागते. ती कमी असेल तर लागण अलीकडची, जास्त असेल तर जुनी. आधी लागण होऊन गेलेल्या बाईतही विषाणू पुन्हा डोकं वर काढू शकतो, पण बाळापर्यंत पोचण्याची शक्यता मग बरीच कमी असते.

नवी लागण निघाली तर व्हॅलासायक्लोविर देतात, ते हर्पिसचं औषध ना?

हो, आणि या विषयातली सध्याची सगळ्यात रंगतदार गोष्ट हीच आहे. ॲसायक्लोविर हे गरट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं औषध. एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. व्हॅलासायक्लोविर हे त्याचंच पोटातून चांगलं शोषलं जाणारं रूप. हे औषध शरीरात निष्क्रिय अवस्थेत जातं आणि हर्पिस विषाणूचं स्वतःचं एन्झाइम त्याला कामाला लावतं. सीएमव्हीकडे ते एन्झाइम नाही. त्याच्याकडचं दुसरं एन्झाइम हे काम करतं, पण अर्धवट. म्हणून हे औषध सीएमव्हीवर दुबळं समजलं जायचं. सीएमव्हीवर जोरकस चालणारं गॅन्सिक्लोविर आहे, पण ते अस्थिमज्जेला घातक आणि प्राण्यांच्या गर्भांना बाधक.

मग उपाय काय, तर सुरक्षित पण दुबळ्या औषधाचा डोस वाढवायचा. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी पहिल्या तीन महिन्यांत किंवा गर्भधारणेच्या आसपास नवी लागण झालेल्या बायकांना दिवसाला ८ ग्रॅम व्हॅलासायक्लोविर किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, दिली. ८ ग्रॅम म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या सोळा गोळ्या, रोज. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. गर्भजलात विषाणू सापडण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ११ टक्के, न घेणाऱ्यांत ३० टक्के. ज्यांना लागण पहिल्या तीन महिन्यांत झाली होती त्यांच्यात ११ विरुद्ध ४८.

इतक्या डोसाचे धोके आहेत. औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात साठून ते तात्पुरतं निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे भरपूर पाणी, क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाची, तपासणी आणि डोस दिवसभरात विभागून घेणं, हे सांभाळावं लागतं. दुसरं म्हणजे वेळ. लागण होऊन बरेच आठवडे गेल्यावर सुरू केलं तर विषाणू बाळापर्यंत कधीच पोचलेला असतो. आणि चाचणी लहान होती, नव्वद बायकांची. तरीही सिद्ध झालेली नवी लागण, तीही सुरुवातीच्या महिन्यांत, हातात असेल तर फीटल मेडिसिन, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या आजारांच्या, तज्ज्ञांशी याबद्दल जरूर बोला. एकट्या आयजीजीच्या रिपोर्टवर कुणी हा डोस लिहून देत असेल तर दुसरं मत घ्या.

आता एक उलटं उदाहरण. सीएमव्हीविरुद्धच्या प्रतिपिंडांची महागडी इंजेक्शनं काही वर्षं मोठ्या आशेनं दिली जात होती. २०१४ आणि २०२१ मध्ये आलेल्या दोन नीट चाचण्यांत ती निष्प्रभ ठरली.

मोठ्या मुलाला कांजण्या आल्यात आणि मी पाचव्या महिन्यात आहे.

तुम्हाला लहानपणी येऊन गेल्या असतील तर निश्चिंत राहा. आठवत नसेल तर आईला विचारा, तिलाही आठवत नसेल तर रक्त तपासा. आल्या नसतील तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, कारण संपर्कानंतरचं इम्युनोग्लोब्युलिन दहा दिवसांच्या आतच उपयोगी पडतं. लस गरोदरपणात देत नाहीत.

पुरळ उठलंच तर २४ तासांच्या आत ॲसायक्लोविर सुरू करणं महत्त्वाचं. नेहमीचा डोस ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस. विसाव्या आठवड्यानंतर तो सरसकट देतात, त्याआधी विचार करून. मोठ्या माणसांतल्या, विशेषतः गरोदर बायकांतल्या, कांजण्या फुप्फुसात उतरू शकतात. दम लागला तर ‘देवीचं आहे, औषध देऊ नये’ म्हणत घरी थांबू नका. सरळ हॉस्पिटल गाठा.

स्वाइन फ्लूची गोळी गरोदरपणात चालते का?

चालते, आणि थांबू नये. ओसेल्टामिविर मुळातच फ्लूचं औषध आहे, त्यामुळे ते काटेकोरपणे आपल्या विषयात बसत नाही. पण २००९ च्या साथीत, जिचा भारतातला पहिला बळी पुण्यात गेला, गरोदर बायकांतला त्याचा अनुभव फार थोडा होता आणि त्या भीतीपोटी उपचार लांबले. अमेरिकेत गरोदर बायका लोकसंख्येच्या सुमारे १ टक्का, पण मृत्यूंमध्ये ५ टक्के होत्या. नंतर फ्रान्स आणि उत्तर युरोपातल्या देशांतल्या सुमारे ५,८०० गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या, बाळांना जास्तीचा धोका दिसला नाही. पहिल्या ४८ तासांत सुरू केलेली गोळी सगळ्यात उपयोगाची.

कोविडमध्ये तर सगळीच जुनी औषधं वापरली. त्यातून गरोदर बायकांबद्दल काय कळलं?

सगळ्यात आधी हे, की ठरवलं तर त्यांना चाचणीत घेता येतं. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत गरोदर बायकांना प्रवेश होता. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक-तृतीयांशानं कमी होतात, हे याच चाचणीनं जून २०२० मध्ये दाखवलं. गरोदर बायकांना मात्र त्याऐवजी प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन दिलं होतं. कारण वारेतलं एक एन्झाइम या दोघांना बरंचसं निष्क्रिय करतं. डेक्सामेथासोन त्याला दाद न देता बाळापर्यंत जातं. गंमत अशी, की बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मणार असेल तेव्हा त्याची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून डॉक्टर नेमकं हेच डेक्सामेथासोन मुद्दाम देतात. दोन्ही गरजा एकाच वेळी असतील तर आधी दोन दिवस डेक्सामेथासोन आणि मग प्रेडनिसोलोन, असाही क्रम लावला गेला.

रेमडेसिविर आधी हेपॅटायटिस सी आणि इबोलासाठी अजमावलेलं औषध. कोविडवरच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांत गरोदर बायका नव्हत्या. २०२० मध्ये ६७ गरोदर आणि १९ नुकत्याच बाळंत झालेल्या अत्यवस्थ बायकांना विशेष परवानगीनं दिलेल्या औषधाचे अनुभव प्रसिद्ध झाले, आणि तेवढ्यावर जगभरचे डॉक्टर निर्णय घेत राहिले. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या कुप्यांसाठी लोक रात्र-रात्र रांगा लावत होते, तेव्हा गरोदर बाईच्या नवऱ्याला ‘हे चालेल का’ याचं ठाम उत्तर देणारं कुणी नव्हतं.

फॅव्हिपिराविर हे जपानी फ्लूचं औषध जून २०२० मध्ये भारतात सौम्य कोविडसाठी आलं आणि घरोघरी पोचलं. जपाननं २०१४ मध्येच त्याला कडक अटी घातल्या होत्या, कारण प्राण्यांच्या गर्भात त्यानं व्यंग आणलं होतं. गरोदरपणात ते वर्ज्य आहे. मोल्नुपिराविरचंही तसंच. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची कथा विचित्र आहे. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, असलेल्या बायकांना ते गरोदरपणातही वर्षानुवर्षं देतात, बाळासाठी ते तुलनेनं निर्धोकच आहे, पण कोविडवर त्याचा काही उपयोग नव्हता. सुरक्षित असून निरुपयोगी औषध देण्यातही तोटा असतो. खऱ्या उपचाराची वेळ जाते.

आपल्याकडे परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून गरोदर कोविड रुग्णांची नोंदवही उघडली. दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी घातक असल्याचं तिच्यात दिसलं. मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर गेलं होतं. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं गरोदर बायकांना लस खुली केली.

गोव्यात तर सगळ्यांनाच आयव्हरमेक्टिन देणार होते. गरोदर बायकांनी घेतलं असेल तर?

मे २०२१ मध्ये गोवा सरकारनं १८ वर्षांवरच्या सगळ्यांना ही जंतांची गोळी देण्याचं जाहीर केलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तत्कालीन मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी लगेच त्याविरुद्ध इशारा दिला. आयसीएमआर आणि एम्सच्या तेव्हाच्या मार्गदर्शिकेत ही गोळी होती, पण ‘गरोदर आणि स्तनदा मातांनी टाळावी’ अशा सूचनेसह. सप्टेंबर २०२१ मध्ये ती यादीतूनच गेली. त्या वेळी कुणी एखादा कोर्स घेतला असेल तर त्यावरून आता काळजी करण्याचं कारण नाही.

पावसाळ्यातल्या काविळीवर काही जुनं औषध आहे का?

गरोदरपणातला हेपॅटायटिस ई हा या सगळ्या यादीतला सगळ्यात दुर्लक्षित आजार आहे. दूषित पाण्यातून येतो, इतरांत बहुधा आपोआप बरा होतो, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या बायकांत मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. २०१२ मध्ये इचलकरंजीत पंचगंगेच्या पाण्यातून तो हजारोंना झाला होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं या विषाणूवर अनेक वर्षं काम केलंय.

औषध आहे, आणि तिथेच अडतं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांत हेपॅटायटिस ई दीर्घकाळ रेंगाळतो, त्यांच्यावर रिबाव्हिरिन हे जुनं औषध चांगलं चालतं. पण ते गर्भाला इतकं घातक मानलं जातं, की घेणाऱ्या बाईनं आणि बाईच्या नवऱ्यानंही औषध थांबवल्यावर कित्येक महिने गर्भधारणा टाळावी असं सांगतात. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच ते देता येत नाही. म्हणून सध्या उपचार म्हणजे यकृताची काळजी घेणारं चांगलं हॉस्पिटल, आणि तेही लवकर. कावीळ उतरवून घेण्यात आणि झाडपाल्याचं औषध नाकात सोडण्यात गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत. गुंगी, बडबड, रक्तस्राव यांपैकी काहीही दिसलं तर रात्रीची वेळ बघू नका.

झिकावर?

माणसात सिद्ध झालेलं एकही नाही. २०१६ च्या सुमारास ब्राझीलची साथ जोरात असताना प्रयोगशाळांनी हजारो जुनी औषधं चाळली. पट्टकृमीवरचं निक्लोसामाइड पेशींमध्ये चाललं, हेपॅटायटिस सीचं सोफोसबुविर उंदरांमध्ये आईकडून पिलांकडे जाणारा विषाणू अडवू शकलं. तोपर्यंत साथ ओसरली आणि चाचणीसाठी रुग्णच उरले नाहीत. २०२४ च्या जूनपासून पुण्यात झिका पसरला, त्यात गरोदर बायकांची संख्या लक्षणीय होती, आणि त्यांना देण्यासारखं आपल्याकडे सोनोग्राफी, पाठपुरावा आणि मच्छरदाणी एवढंच होतं. पुढच्या साथीआधीच चाचणीचा आराखडा आणि परवानग्या तयार ठेवणं अशक्य नाही. तसं कुणी करत नाही, ही माझी तक्रार आहे.

डेंगीत पपईच्या पानांच्या गोळ्या?

गरोदरपणात नकोत. पॅरासिटामॉल, भरपूर द्रवपदार्थ आणि रोजची रक्ततपासणी हाच उपचार. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. क्लोरोक्विनसह काही जुनी औषधं डेंगीवर अजमावली गेली, ती चालली नाहीत.

डोस सगळ्यांना सारखाच असतो का?

नाही, आणि हा भाग बऱ्याचदा निसटतो. गरोदरपणात रक्तातल्या द्रवाचं प्रमाण ४०–५० टक्क्यांनी वाढतं, मूत्रपिंडं जोरात काम करतात, यकृतातली काही एन्झाइम्स वेगावतात. त्यामुळे नेहमीच्या गोळीनं रक्तातली पातळी खाली येऊ शकते. कोबिसिस्टॅट हे दुसऱ्या औषधाची रक्तातली पातळी वाढवणारं औषध जोडलेल्या एचआयव्हीच्या काही गोळ्या याच कारणासाठी गरोदरपणात सुरू करू नयेत असं २०१८ मध्ये सांगण्यात आलं. ‘बाळासाठी’ म्हणून अर्धी गोळी घेणाऱ्या बायका असतात. त्यात बाळाला औषध पोचतंच, विषाणू मात्र दबत नाही.

औषध ‘कॅटेगरी बी’ आहे म्हणजे ठीक ना?

ए, बी, सी, डी, एक्स ही अमेरिकी पद्धत २०१५ पासून त्यांनीच मोडीत काढली. एका अक्षरात आठवडा, मात्रा आणि आजाराची तीव्रता काहीच मावत नव्हतं. जुन्या वेबसाइटवर ती अजून दिसते.

दिवस गेल्याचं माहीत नसताना गोळी घेतली. गर्भपात करावा लागेल का?

घाईनं असा निर्णय घेऊ नका. कुठल्याही औषधाशिवायही शंभरातल्या दोन-तीन बाळांत काही ना काही जन्मजात व्यंग असतं, आणि बहुतेक औषधांनी हा आकडा बदलत नाही. औषधाचं नाव, तारखा, मात्रा आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहून घेऊन डॉक्टरांकडे जा. अवयव घडण्याचा काळ पाळीच्या तारखेपासून मोजल्यास साधारण पाचव्या ते दहाव्या आठवड्याचा असतो. रिबाव्हिरिन, फॅव्हिपिराविर यांसारखं औषध असेल तर फीटल मेडिसिन तज्ज्ञांकडे तपशीलवार सोनोग्राफी करून बोलावं. ॲसायक्लोविर असेल तर बहुधा घरी जाऊन नीट झोपावं.

चाचणीत भाग घ्यायला विचारलं तर हो म्हणू का?

ते तुम्हीच ठरवायचं, नवऱ्यानं किंवा सासूबाईंनी नाही. संमतिपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, कधीही बाहेर पडता येतं का आणि बाळाला काही झालं तर उपचार व भरपाई कोण देणार हे विचारा. चाचणी धोक्याची असू शकते. व्हायग्रा म्हणून माहीत असलेलं सिल्डेनाफिल वाढ खुंटलेल्या गर्भांसाठी नेदरलँड्समध्ये अजमावलं जात होतं. बाळांत फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांचा गंभीर आजार आणि मृत्यू दिसू लागल्यावर २०१८ मध्ये ती चाचणी थांबवली गेली. मात्र त्यावर लक्ष ठेवणारी समिती होती म्हणून ते लवकर कळलं. तेच औषध चाचणीशिवाय, चांगल्या हेतूनं, गावोगावी लिहून दिलं गेलं असतं तर कुणाच्या लक्षात कधी आलं असतं?

औषध घेतल्यावर काही त्रास झाला तर कुठे सांगायचं?

आधी तुमच्या डॉक्टरांना. शिवाय भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतःही नोंद करू शकतात. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांची केंद्रं आहेत. गोळीचं पाकीट फेकू नका, त्यावरचा बॅच नंबर लागतो. गरोदरपणाचा कितवा आठवडा होता हे आवर्जून सांगा, फॉर्म भरणारे ते नेहमी विचारतातच असं नाही.